समितीच्या खुर्च्यांवर बसलेली सहल

यवतमाळ डोंगरांत वसलेलं आहे हे यवतमाळच्या बाहेर कोणाला पटत नाही, आणि कापसाच्या त्या वाईट वर्षांत तर मुळीच पटत नसे. पेपरात आमच्या जिल्ह्याचा फोटो ठरलेला असायचा. मागे कापसाची सुकलेली पऱ्हाटी, पुढे डोक्याला हात लावून बसलेलं कोणीतरी. पुण्याला दिलेली माझी मावशी ते फोटो बघून फोन करायची आणि हळू आवाजात विचारायची, "तुमच्याकडे सुट्टीच्या दिवशी लोक करतात तरी काय गं?"

आईला हा प्रश्न फार झोंबायचा. मावशी थोरली, म्हणून आई आधी फोन ठेवायची आणि मग भिंतीला सांगायची, "काय करतेत म्हंजे? रडत बसतो का आमी चोवीस तास?" शेवटी तिने ठरवलं की पुण्याला एक फोटो धाडायचा. मागे धबधबा, पुढे सगळे दात काढून हसताहेत, असा. त्या वर्षी तिला दुसरं काही नको होतं.

प्रयत्न आधीही झाले होते. निळोण्याच्या धरणावर गेलो तर धरणात पाण्यापेक्षा म्हशी जास्त. टेकडीवर गेलो तर माकडांनी चिवड्याचा डबा पळवला आणि बाबांनी त्यांच्यामागे धावताना पाय मुरगळला. बाबा सरकारी कचेरीत होते. त्यांचं तोंड रविवारीसुद्धा कचेरीचंच असायचं, त्यामुळे फोटोत आम्ही सहलीला आलोय की पंचनाम्याला, हे कळायचं नाही.

पोळा झाल्यावर कळलं की पांढरकवड्याच्या पुढे जंगलात एक धबधबा जोरात कोसळतोय. पण गाडी मिळेना. जिल्ह्यातल्या भाड्याच्या सगळ्या गाड्या समित्या, पथकं आणि टीव्हीवाले घेऊन फिरत होते. आमचं दुःख बघायला एवढे लोक यायचे, की आम्हाला सुखासाठी गाडी उरायची नाही. अखेर एक मिळाली. सरकारी गाड्यांसारखी पांढरी होती, आणि तिथेच घोळ झाला.

जंगलाच्या अलीकडच्या शेवटच्या गावात रस्त्यावर मांडव घातला होता. प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलावर फुलाफुलांची चादर, नारळ. गाडी थांबवली गेली आणि बाबा खाली उतरतात न उतरतात तोच त्यांच्या गळ्यात हार पडला. लग्नानंतर पहिलाच. भल्या माणसाने "आम्ही ते नव्हे" म्हणावं की नाही? त्यांनी सवयीने खिशातलं पेन काढलं आणि म्हणाले, "बोला, काय अडचण आहे?"

तेवढ्यात माझा धाकटा भाऊ गाडीतून उतरला आणि मांडवाच्या खांबाशी भडाभडा ओकला.

गावच्या सरपंच एक उंच, सावळ्या बाई होत्या. त्यांनी भावाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि निकाल दिला, "हे समिती नोहे वं. समितीले गाडी लागत नाई."

सगळा मांडव हसला. आईने सांगून टाकलं की आम्ही सहलीला निघालोय. आम्ही पळ काढणार होतो, पण सरपंचबाईंनी हात धरला. "बसा न बाई. खुर्च्या भाड्यानं आनल्या, कोनी त बसलं पायजे." मग आम्ही समितीच्या खुर्च्यांवर बसून समितीचे पोहे खाल्ले. खाता खाता मोटारसायकलवरून निरोप आला की समिती आज दुसऱ्याच तालुक्यात गेली. कोणाला फारसं नवल वाटलं नाही.

आईने धबधब्याचा रस्ता विचारला. तो त्या टेकडीमागेच होता, आणि तिथे जमलेल्या बायांपैकी एकीनेही तो पाहिलेला नव्हता.

"काहून?" आईने विचारलं.

"कामाबिगर जंगलात कायले जा लागते?" सरपंचबाई म्हणाल्या. "काड्या आनाले जातो तवा आवाज येते."

"मंग चाला आता," आई म्हणाली. ती बोरी अरब गावाकडची, शेतकऱ्याची लेक. तिला बायांना उठवता यायचं. समितीसाठी सगळ्या ठेवणीतली लुगडी नेसून बसल्या होत्या. समितीला शेतं दाखवायला ट्रॅक्टर धुऊन ठेवला होता. नटलेल्या बाया आणि धुतलेला ट्रॅक्टर, दोन्ही वाया घालवणं पाप होतं.

धबधब्याशी त्यांनी जो धिंगाणा घातला तसा मी आजवर पाहिलेला नाही. एक बाई तर ठेवणीतल्या लुगड्यासकट पाण्यात फतकल मारून बसली. सरपंचबाईंनी समिती करून दाखवली. कंबरेत वाकून एक पान उलटं करायचं, "हं... हं..." म्हणायचं, आणि नाक धरून विचारायचं, "बहनजी, आप को कैसा लगता है?" हसता हसता आईला उचकी लागली.

"काढा आता!" ती बाबांना ओरडली. "सगळ्यायचा काढा!"

बाबांनी कॅमेरा डोळ्याला लावला. आणि कोणी काही न सांगता बायांनी पदर डोक्यावर ओढले. माना खाली गेल्या. पाण्यात बसलेलीने उठून गालाला हात लावला. एका क्षणात आमच्यासमोर पेपरातला फोटो उभा राहिला.

"हसा न वं," आई म्हणाली. "आत्ता त हसत होत्या."

"नोको बाई," सरपंचबाई म्हणाल्या. "हसलेला फोटू कुठं छापला त लोक म्हनतीन, यायले काय धाड भरली? मंग मदत कोन देईन?"

"छापाचा नाई. पुण्याले माया बहिणीले धाडाचा हाय."

"पुन्याचेच फोटूवाले आलते मांगच्या खेपी. मी हसली त मले म्हने, तुम्ही जरा बाजूला उभ्या राहा."

हे त्या कुरकुर न करता, साधं सांगत होत्या. मला त्या न पाहिलेल्या माणसाचा असा संताप आला, की अजूनही तो उतरलेला नाही. आईचा चेहरा मात्र पडला. इतक्या खटपटीनंतर धबधबा मिळाला होता, ऊन चांगलं होतं, आणि बाबासुद्धा त्या दिवशी हसत होते.

"बरं, आपल्या चौघांचाच काढू," बाबा म्हणाले. ते ऐकताच बाया चटकन बाजूला सरकल्या. किती सरकलं की आपण फोटोत येत नाही, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

आईने ते सरकणं पाहिलं. मग म्हणाली, "राहू द्या. ठेवा तो कॅमेरा पिशवीत." आणि ती जाऊन त्यांच्यात उभी राहिली.

बाबांनी पिशवीची चेन ओढली. ती नीट लागली का, हे दोघी-तिघींनी वळून पाहिलं, आणि मग कुठे सरपंचबाई पुन्हा हसल्या.