ओट्याखालची नवी नळी

ती घटना आजही आठवते. मुद्दाम आठवावी लागत नाही. रोज झोपण्याआधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायला ओट्याखाली वाकलो, की ती आपली हजर. नळीवरून बोट फिरवतो, दोन्ही टोकं चाचपतो, मग उठतो. बायको म्हणते, "पोरुम आता. एकदा बघितलं की झालं, किती वेळ बघणार?" पोरुम म्हणजे पुरे. आम्ही तंजावरकडची मराठी माणसं, आमच्या घरात मराठी आणि तमिळ एकाच ताटात वाढलेली असते. तिचं म्हणणं बरोबर आहे, पण तिने ते स्वयंपाकघर पाहिलेलं नाही.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मी चेन्नईच्या अंबत्तूर भागात पोलीस निरीक्षक होतो. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांत तेव्हा पुण्या-कोल्हापूरकडची तरुण इंजिनिअर मुलं येऊ लागली होती. त्यांचं कुणाचं घरमालकाशी वाजलं, कुणाची मोटारसायकल चोरीला गेली, की ठाण्यातला हवालदार हसत माझ्या खोलीत डोकावायचा. "सार, तुमची माणसं आलीत." माझे पूर्वज कित्येक पिढ्यांमागे इकडे आले, पण हवालदाराच्या लेखी मी आणि ती मुलं एकाच गावचे.

त्या वेळी मात्र तो हसत आला नाही. रुग्णालयातून कळवलं होतं की एक तरुण विवाहिता स्वयंपाकघरात भाजून दाखल झाली आहे, कुटुंब महाराष्ट्रातलं आहे. लग्नाला सात वर्षं झालेली नसताना बाई भाजली, तर पोलिसाने पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा असतो: हा अपघात, की अपघाताचं सोंग? दंडाधिकाऱ्यांनी तिचा जबाब घेतला. आम्ही नियमाप्रमाणे बाहेर थांबलो. ती शिकलेली होती, इंग्रजीतून नीट बोलली. संध्याकाळी डास येतात म्हणून खिडक्या लावून घेतल्या, देवापुढे दिवा लावायला काडी ओढली, आणि सगळं पेटलं. कुणाचा दोष नाही. जबाबाचा शेवट एवढाच.

"कुणाचा दोष नाही" हे वाक्य मी नोकरीत इतक्या भाजलेल्या बायकांच्या जबाबात वाचलं आहे, की त्याची मला चीड येते. मरणाऱ्या बाईला मागे राहणाऱ्यांची काळजी असते. मागे राहणारे ती काळजी बिनदिक्कत वापरतात. आम्ही अपघात म्हणून नोंद केली. काही दिवसांनी मुलगी गेली.

ती गेल्यावर ठाण्यात फोन आला. नाव न सांगणारा, तमिळ बोलणारा माणूस होता. "म्हातारी सुनेला रोज ओरडायची. भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं. पोरगी जळत होती तेव्हा म्हातारी बाल्कनीत उभी होती. तुमच्या भाषेची आहे म्हणून सोडून देऊ नका." एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

त्याच सुमारास मुलीचे वडील गावाहून आले आणि ठाण्यातल्या बाकावर बसले. शाळामास्तर होते. रडत नव्हते. दर थोड्या वेळाने उठून एकच विचारत, "तिच्या सासूला आत कधी घेणार?" लग्नातल्या मानपानावरून रुसवेफुगवे झाले होते, त्याची त्यांनी रीतसर तक्रार दिली. लग्नाच्या सात वर्षांच्या आत बाई गेली की करावी लागते ती महसूल खात्याच्या अधिकाऱ्याची चौकशीही सुरू झाली. अटकेला लागेल तेवढं सगळं हाताशी होतं. एका म्हाताऱ्या बाईला सुनेच्या खुनासाठी तुरुंगात पाठवायचं की नाही, ते आता माझ्या तपासावर होतं.

बाईला ठाण्यात बोलवायचं नाही, घरी जाऊन विचारायचं, हा नियम. महिला कॉन्स्टेबलला घेऊन मी गेलो. सासू पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही हात पदराखाली. मी मराठीत सुरुवात केली तशी तिने मान वर केली.

"तुमचं बोलणं आमच्या पणजीसारखं लागतंय," ती म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "मीच मारलं तिला. लिवा तुमी. मीच म्हटलं, तिन्हीसांज झाली, दिवा लाव. मी म्हटलं नसतं तर ती गेली नसती आत."

तिच्या आवाजाने भिंत हादरली. शेजाऱ्याचा फोन मला तिथेच निम्मा उलगडला. कोल्हापूरकडची ही बाई चहा घे म्हणाली तरी ऐकणाऱ्याला वाटावं, अंगावर धावून गेली. ज्याला शब्द कळत नाहीत त्याला नुसता आवाज कळतो.

"हात दाखवा," मी म्हणालो.

ती दाखवेना. महिला कॉन्स्टेबलने हळूच पदर बाजूला केला. दोन्ही तळहात भाजून सोलवटले होते, औषधही लावलेलं नव्हतं. जाळणाऱ्याचे तळहात असे भाजत नाहीत. पेटलेले कपडे हातांनी विझवणाऱ्याचे भाजतात. विझवून झाल्यावर ती बाल्कनीत जाऊन मदतीला हाका मारत होती, आणि शेजाऱ्याने तिला पाहिलं ते तेव्हा.

मग ती "मीच, मीच" का म्हणत होती? सुनेच्या दुःखात माणूस असं बोलतो, हे मला मान्य आहे. पण दुःखातला माणूस बोलताना आपल्याकडे बघतो. ही बाई प्रत्येक "मीच" म्हणताना आतल्या खोलीच्या दाराकडे बघत होती. त्या दारात तिचा मुलगा उभा होता. आई स्वतःवर खून ओढवून घेत होती आणि तो मोबाईलवर सुट्टीचा निरोप टाइप करत होता.

मी स्वयंपाकघरात गेलो. चेन्नईतल्या असंख्य भाड्याच्या घरांसारखंच ते होतं. ओट्याखाली लाकडी दारांच्या कप्प्यात सिलिंडर, त्याच कोपऱ्यात जमिनीलगत पाटावर देव. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो वर जात नाही. पाण्यासारखा जमिनीवर पसरतो आणि खालच्या बंद कप्प्यात साठून राहतो. त्याच उंचीवर रोज काडी ओढली जात होती. छत काळं झालं होतं. शेगडीची बटणं वितळून खाली ओघळली होती. कप्प्याच्या दारांचा कोळसा झाला होता.

आणि या सगळ्यात शेगडीपासून सिलिंडरपर्यंत एक नारिंगी नळी होती. नवीकोरी. तिच्यावरची छापील अक्षरं स्वच्छ वाचता येत होती. बोट लावलं तर नव्या रबरावर असते ती पांढरी पावडर बोटाला लागली. दारं जळून गेली, बटणं वितळली, आणि रबराच्या नळीला झळसुद्धा नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो असा.

दोन पंचांसमोर नळी काढून जप्त केली आणि मुलाला ठाण्यात बोलावलं.

तो मोटारीच्या रबरी पाइपांच्या कारखान्यात तपासणी विभागात होता. कोणता पाइप पास, कोणता नापास, हे ठरवणं त्याचंच काम. सुरुवातीला तो अगदी सभ्यपणे बोलला. "सर, मी दिवसभर कामावर असतो. घरात त्या दोघीच असायच्या. त्यांच्यात काय चालायचं, मला कल्पना नाही." आईवर संशय आहे हे त्याला ठाऊक होतं. ते वाक्य त्याने मोजून-मापून तिच्या बाजूला सरकवलं.

मी ड्रॉवर उघडून नारिंगी नळी टेबलावर ठेवली. "ही कधी लावली?"

"आधीपासून आहे, सर."

"आग लागली तेव्हाही हीच होती?"

त्याने नळीवरची नजर काढून घेतली. बराच वेळ मी दुसऱ्या कागदांवर सह्या करत बसलो. पोलिसाच्या हातात काठीपेक्षा मोठं हत्यार कोणतं असेल तर ते गप्प बसणं. शहाण्या माणसाला शांतता सोसत नाही, त्याला ती दुरुस्त करावीशी वाटते.

"जुनी नळीसुद्धा चांगली होती," तो एकदम म्हणाला. "या नळीपेक्षा चांगली, सर. पेट्रोलला टिकते ती. दाबाच्या चाचणीत पास झाली होती. फक्त व्यासात नापास होती. आतून किंचित मोठी होती, एवढंच."

हळूहळू सगळं बाहेर आलं. कारखान्यात नापास झालेला माल घरी नेण्याची त्या भागात सर्रास पद्धत होती. कुणी नापास पाइपने बागेला पाणी घालायचा, कुणी त्याचा झोपाळ्याला दोर करायचा. याने नापास पाइप गॅसला लावला. दुकानातली नळी लावायला त्याला कमीपणा वाटत होता. मित्रांना बोलावून त्याने ती दाखवलीही होती. शेगडीच्या तोंडावर ती सैल बसत होती, म्हणून मोटारीतली क्लिप आवळून टाकली. नळी नापास का झाली होती, तर आतून मोठी म्हणून. गॅस गळला तोही तिथूनच. ज्या दोषासाठी कंपनीच्या मोटारीला ती चालत नव्हती, त्याच दोषासकट ती त्याच्या बायकोला चालत होती.

"वास येत नव्हता का?" मी विचारलं.

"ती म्हणायची वास येतो. मी म्हटलं, नव्या रबराचा आहे, जाईल. आईपण म्हणाली, तो इंजिनिअर आहे, त्याला कळतं."

"आणि ही नवी नळी?"

त्याने मान खाली घातली. रुग्णालयातून बायकोचे कपडे न्यायला तो घरी आला होता. वाटेत दुकानातून नळी घेतली, बसवली, आणि जुनी दुसऱ्या दिवशी कारखान्यात नेऊन नापास मालाच्या डब्यात परत टाकली. त्या दिवशी मात्र नळी बसवल्यावर तो कपडे घेऊन रुग्णालयात गेला आणि बायकोच्या उशाशी बसला.

पंच घेऊन आम्ही कारखान्यात गेलो. डब्यात सारखेच काळे पाइप खचाखच भरले होते. जळालेलं टोक असलेला एकच होता. त्याने तो स्वतः काढून दिला आणि सवयीने त्यावरची धूळ पुसली. त्याची ती सवय पाहून माझं टाळकं सटकलं. मी बाहेर जाऊन उभा राहिलो, नाहीतर हात उचलला असता.

हुंड्याचं आणि खुनाचं कलम राहिलं नाही. निष्काळजीपणाने मृत्यूला कारण होणं आणि पुरावा नष्ट करणं, एवढंच उरलं. मुलीच्या वडिलांना मी समोर बसवून सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेऊन मास्तर म्हणाले, "साहेब, माझी मुलगी नळीने मेली, असं गावात सांगू? सासूने मारलं असतं तर निदान कुणाचं तरी तोंड बघायचं नाही असं ठरवता आलं असतं." शेवटपर्यंत त्यांनी त्या बाईलाच दोष दिला, आणि जावयाला त्यांनी माझ्यादेखत खांद्यावर हात ठेवून धीर दिला. त्याला पुढे शिक्षा झाली ती इतकी थोडी, की सांगायला मलाच लाज वाटते.

सासूचा जबाब लिहून घ्यायला मी पुन्हा त्यांच्या घरी गेलो. आता तिच्या हातांना पट्ट्या होत्या. सही करता येत नव्हती, म्हणून पायाच्या अंगठ्याचा ठसा घेतला आणि तसा शेरा लिहिला. तेव्हा प्रथमच ती हळू आवाजात बोलली.

"साहेब, एक विचारू का? त्यानं नवी नळी आणली, तवा ती जित्ती होती न्हवं?"

खोटं बोलायची मला खूप इच्छा झाली.

"होती," मी म्हणालो.

तिने मान हलवली. उठली, आणि खुंटीवरची पिशवी घेऊन त्यात आपली लुगडी भरू लागली. पट्ट्यांच्या हातांनी नीट भरता येईनात. महिला कॉन्स्टेबलने मदत केली. मुलाच्या जामिनाचे कागद व्हायच्या आधीच ती एकटी गावी निघून गेली. ज्याच्यासाठी खून स्वतःवर घ्यायला तयार झाली होती, त्याच्या हातचं पाणी तिने पुन्हा घेतलं नाही, असं पुढे कानावर आलं.

लोक मला विचारतात, इतक्या वर्षांच्या नोकरीत काय शिकलात. या प्रकरणात जे शिकलो ते सांगायला फार साधं आहे. नळी दुकानातली, शिक्क्याची घ्यावी आणि वेळेवर बदलावी. सिलिंडरचा कप्पा हवेशीर ठेवावा, देव तिथून हलवावेत. वास आला तर काडी ओढू नये, दिव्याच्या बटणाला हात लावू नये. रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडाव्यात, डास आले तर येऊ द्यावेत. हे सगळं सिलिंडरबरोबर येणाऱ्या कागदावर छापलेलं असतं आणि त्या घरातही तो कागद होता. पण घरात वास पहिल्यांदा येतो तो शेगडीसमोर उभ्या असलेल्या माणसाला. त्या घरात तिला आला होता. तिने तो सांगितला होता, एकदा नव्हे, अनेकदा.

म्हणून आमच्या घरी मी एकच नियम केला आहे. बायको म्हणाली वास येतो, तर वास येतो. मी ठाण्यात निरीक्षक होतो हे त्या वेळी विसरायचं, आणि आधी उठायचं.