भर पोळ्यात हरलेला माणूस

लोकांच्या बायका सांगतात, आमचे हे कुस्तीच्या दंगलीत जिंकले, ग्रामपंचायतीत जिंकले, भावाशी शेताच्या धुऱ्यावरून भांडले अन् जिंकले. मी सांगते, आमचे हे हरले. भर पोळ्यात, तोरणाखाली, अख्ख्या गावासमोर हरले. अन् हे सांगताना माझी मान अशी ताठ होते की ऐकणाऱ्याला वाटतं, या बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. वाटू दे.

आमचं गाव हिंगणीच्या पुढे, बोर धरणाच्या अंगाला. जंगल एवढं जवळ की रानडुकरांना आमच्या कोबीचा हंगाम आमच्याआधी कळतो. आम्ही भाजीपाला लावणारी माणसं. वांगी, मिरची, कोबी, सांभार. सांभार म्हणजे कोथिंबीर. पुण्याच्या पाहुण्यांनी इडली शोधू नये. पिकवायचं काम यांचं अन् विकायचं माझं. पहाटेच्या एसटीनं टोपली घेऊन वर्ध्याच्या बाजारात जायचं, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायची अन् दुपारी परत. हुज्जत घालण्यात माझा हात कोणी धरू शकत नव्हतं. अजूनही धरत नाही.

हे माणूस म्हणून सोनं. मातीत हात घातला की काहीतरी उगवणारच. अन् झडत्या तर अशा म्हणायचे की पोळ्याला शेजारच्या गावची माणसं ऐकायला यायची. आमच्याकडे पोळ्याला सजवलेल्या बैलजोड्या तोरणाखाली रांगेत उभ्या राहतात, तेव्हा एकेक गडी पुढे होतो अन् चार ओळी ठोकतो. कोणाची टर उडवतो, सरपंचाची, सोसायटीच्या सेक्रेटरीची, नव्या जावयाची. शेवटी ‘हर बोला’ म्हणायचं अन् सगळ्या गावानं ‘हर हर महादेव’ म्हणून साथ द्यायची. टर तुमचीच उडाली असेल तरी साथ द्यावीच लागते.

आता दारूचं. आमचा जिल्हा दारूबंदीचा. म्हणजे दुकान नाही, बाकी सगळं आहे. मोहाची नाल्याकाठी गळते, बाटलीतली बाहेरून येते, अन् कोणाच्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, काय ठेवलंय हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. यांना आधी सणासुदीला लागायची. मग बाजाराच्या दिवशी. मग लागायचीच.

मी काय नाही केलं, बापा! तोंडाचा वास घेतला, कुटाराच्या, म्हणजे भुश्याच्या, ढिगात हात घालून बाटल्या शोधल्या, दाराला कडी लावली, माहेरी जाऊन बसले, परत आले. बस स्टँडच्या भिंतीवर जाहिरात असायची, ‘न सांगता दारू सोडवा’. ती पुडीसुद्धा आणली अन् वरणात कालवली. दारू सुटली नाही, पोट सुटलं. दोन दिवस लोटा घेऊन पळत होते बिचारे, अन् मी वरून विचारत होते, “काऊन जी, काय झालं?”

मग आली शपथ. आमच्या गावाचा शपथेवर फार भरवसा. कोणी पिऊन धिंगाणा घातला की चार जाणते त्याला पारावर नेतात अन् शपथ घ्यायला लावतात. देवाची, आईची, लेकराची. यांच्या सगळ्या घेऊन झाल्या होत्या. म्हणून एका पोळ्याला यांनी स्वतःच सगळ्यांदेखत आपल्या थोरल्या बैलाच्या माथ्यावर हात ठेवला अन् म्हणाले, “याची आन, आता थेंब नाई.” गावानं टाळ्या वाजवल्या. मी घरी येऊन देवापुढे साखर ठेवली. मला वाटलं, लेकरापेक्षा यांचा त्या बैलावर जीव आहे, ही शपथ मोडणार नाही.

पितृपक्ष संपायच्या आत मोडली. अन् दिवाळीच्या तोंडावर तो बैल कोवळ्या ज्वारीत शिरला, पोट फुगलं, डॉक्टर येईपर्यंत गेला. कोवळी ज्वारी खाल्ली की जनावर मरतं, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला लागत नाही. पण गाव म्हणालं, आन खाल्ली अन् मोडली, म्हणून बैल गेला. यांनाही तेच खरं वाटलं. बैलाला पुरलं तिथे बसून रडायचे अन् रडणं थांबत नाही म्हणून प्यायचे. मला तर गावाचा असा संताप यायचा! अरे, एका दुखणाईत माणसाच्या हाताला तुम्ही मेलेलं जनावर बांधून दिलं!

वर्ध्याच्या बाजारात माझ्या बाजूला नालवाडीची एक भाजीवाली बसायची. तिनं माझं तोंड पाहिलं अन् विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, “माहा नवरा एका बैठकीले जाते. सगळे पिणारेच असतात, सोडलेले. घेऊन ये.” मी घरी येऊन सांगितलं तेव्हा वाटलं होतं, हे फणकारतील. पण ते दावणीकडे बघत म्हणाले, “चल. नाईतर धाकट्यालेही मी मारीन.” धाकटा म्हणजे उरलेला बैल.

बैठक एका शाळेच्या खोलीत व्हायची. मिशाळ गडी चिमुकल्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेले. पहिल्या दिवशी घरच्यांनाही बसू देत होते. एकेक जण उठायचा अन् म्हणायचा, मी हरलो, दारूपुढे माझं काही चालत नाही. माझं डोकंच सणकलं. मी उभी राहिले अन् म्हटलं, “हे ऐकाले मी एसटीचं तिकीट काढून आली का? हरलो असं म्हणासाठी इथं काऊन यावं लागते? घरी रोजच हरते हा!”

सगळे हसले. रेल्वेतून रिटायर झालेले एक म्हातारे होते, तेही हसले. म्हणाले, “बाई, घरी तो हरत नाही. घरी तो लढतो. रोज म्हणतो ना, उद्यापासून सोडतो? ज्या दिवशी म्हणेल मला एकट्याला जमत नाही, त्या दिवशी पेढे वाटा.”

मला ते काही पटलं नाही. पण हे पुन्हा गेले. मी बाजारातून निघायच्या वेळेला हे एसटीनं वर्ध्यात उतरायचे, म्हणजे चुकामूकच. असे काही आठवडे गेले. एकदा मुद्दाम थांबले अन् खोलीच्या दाराशी उभी राहिले. हे त्या बाकड्यावरून उठले, टोपी हातात घेतली अन् म्हणाले, “मले जमत नाई. शपथा खाऊन पाह्यल्या. मले धरा कोणीतरी.” अन् लहान लेकरासारखे रडले. मी पेढे वाटले नाहीत, पण येताना बस स्टँडवर दोघांत एक प्लेट आलूबोंडा खाल्ला. त्या दिवसापासून दारू बंद झाली.

माझं काय झालं ते कोणी विचारत नाही. मी तशीच होते. घरात पाऊल टाकलं की यांच्या तोंडाशी नाक. कुटारात हात. त्या रेल्वेवाल्या म्हाताऱ्यांनी एकदा हटकलं, “बाई, तुम्ही बायको आहात की ठाणेदार?” मला राग आला, पण बरोबर होतं. यांची दारू माझ्या नाकानं सुटणार नव्हती. वास घेणं सोडलं. सोपं वाटतं का? संध्याकाळी उशीर झाला की मी चुलीपुढे पदर तोंडात धरून बसायची.

असं करत श्रावण आला. बैठकीतले सगळे यांना एकच सांगायचे, पहिला पोळा सांभाळ. कारण पोळा फुटला, म्हणजे तोरण तुटून जोड्या सुटल्या, की बैल घरोघरी न्यायचे असतात. घरची बाई बैलाची पूजा करते, पुरणपोळी चारते, मालकाच्या हातावर बोजाऱ्याचे पैसे ठेवते, अन् घरचा गडी त्याला हळूच मागच्या बाजूला घेऊन जातो. मागच्या बाजूला काय असतं, ते सगळ्यांना माहीत. एक घर टाळता येईल. अख्खं गाव कसं टाळणार?

मी म्हटलं, “जाऊच नोका. मी नेतो बैल.” आमच्याकडे बायाही ‘मी जातो, मी नेतो’ म्हणतात.

“बाईमाणसानं पोळ्यात बैल नेले कधी?”

“मंग यंदा नेतील.”

हे हसले अन् म्हणाले, “मी जाईन. पण मले भेव लागून राह्यलं.” इतक्या वर्षांच्या संसारात भेव हा शब्द यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोण्या-हळदीनं मळले. धाकट्याच्या जोडीला घरचा गोऱ्हा यंदा पहिल्यांदाच पोळ्यात उभा राहणार होता. शिंगं रंगवली, झुली चढवल्या. दुपार कलली तसे सगळे मारुतीच्या देवळापुढे जमले. आम्ही बाया ओट्यांवर. झडत्या सुरू झाल्या, हसून हसून लोकांची पोटं दुखली. मग कोणीतरी ओरडलं, “अबे, आपल्या गवयाले पुढं करा!” गेल्या पोळ्याची शपथ कोण विसरलं होतं? काही जण एकमेकांना कोपर मारत होते.

हे पुढे झाले. टोपी काढली. अन् खणखणीत आवाजात म्हणाले:

“माहे बैल शिंगाळे, चालीचे नेक,
धनी त्याहिचा बेवडा गावामंधी एक.
आना खाल्ल्या, मोडल्या, हरलो मी भाऊ,
हात जोडून सांगतो, मले पेला नका देऊ.
हर बोला!”

गडी साथ द्यायची सोडून एकमेकांकडे बघायला लागले. झडतीत दुसऱ्याची टर उडवायची असते. स्वतःची अशी कोणी सोलून दाखवली नव्हती. हे हात जोडून तसेच उभे. मला राहवेना. बायकांनी साथ द्यायची आमच्याकडे रीत नाही. गेली रीत खड्ड्यात! मी ओट्यावरून बोंबलले, “हर हर महादेव!” मग बाजूची ओरडली, मग ओटाच्या ओटा, अन् मग पुरुषांना लाज वाटली म्हणा की काय, सगळं गाव असं गरजलं की आमचा गोऱ्हा बुजून मागे सरला.

पोळा फुटला. हे बैल घेऊन घरोघरी निघाले अन् मी पोळ्या लाटायला घरी आले. पोरं बातम्या आणत होती. अमक्याकडे चहा दिला, तमक्याकडे चहा दिला, तिसऱ्याकडे दूध. ज्यांच्या कोठ्यात पिंप भरलेलं असायचं त्यांनीही चहाच दिला. माझा नवरा चहानं झिंगतो की काय, असं मला वाटायला लागलं. आता दोनच घरं राहिली होती, मी सुस्कारा सोडला.

तेवढ्यात हाक आली. “अवं! अवं, ये इकडं! लवकर ये!”

यांचाच आवाज. यांच्या दोस्ताच्या कोठ्याकडून. दोघं शाळेपासून सोबत, पहिला घोटही सोबतच घेतलेला. मी पिठाच्या हातानं तशीच धावले. कोठ्यात शिरले तर दोस्त ओशाळून उभा. म्हणे, “वहिनी, मी तर मजाकमंधी म्हटलं, झडती झाली, आता एक मार.” अन् यांच्या हातात पेला. काठोकाठ भरलेला. तोंडाला लावला नव्हता. पण खालीही ठेवला नव्हता. कपाळावर घामाचे थेंब, नजर पेल्यावर.

माझ्याकडे न बघता म्हणाले, “घे हा. माह्यानं ठेवल्या जाऊन नाई राह्यला.”

एकेक बोट सोडवून मी तो पेला घेतला. दोस्ताच्या तोंडावर मारायची फार इच्छा झाली, देवाशप्पथ. पण वळले अन् उकिरड्यावर ओतला. यांना ओरडावं असंही मनात आलं नाही. मागे किती पेले मी हिसकले होते, किती लपवले होते! हा पहिला पेला यांनी आपणहून माझ्या हातात दिला.

“मले घरी ने,” हे म्हणाले.

एका हातात बैलांचे कासरे अन् दुसरा हात त्यांनी पुढे केला. आमच्या गावात नवरा-बायको रस्त्यानं हात धरून चालत नाहीत. पोळ्याच्या दिवशी तर नाहीच. ओट्यावरच्या बाया पदराआड हसायला लागल्या. कोणीतरी म्हणालं, “पाहा गा, बायको घेऊन चालली बेवड्याले!”

हात थंडगार होता, घामानं ओला. मी सोडवून घेईन असं त्यांना वाटलं असावं, म्हणाले, “सोडू नोको.”

मी थांबले. ओट्याकडे तोंड केलं अन् सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “हाव, घेऊन चालली. त्याहिनं हाक मारली म्हणून आली. तुमच्यापैकी कोणाच्या नवऱ्यानं मारली का आजवर अशी हाक?”

मी हात आणखी घट्ट धरला अन् मारुतीच्या देवळावरून, लांबच्या रस्त्यानं, यांना घरी नेलं.