दत्ताभाऊंची रुसलेली जोडी

दत्ताभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुवेतमधल्या मीना अब्दुल्ला रिफायनरीत हेल्मेट घालून उभा होतो. जलीब वस्तीतल्या त्यांच्या खोलीतला सोबती म्हणाला, सकाळी चहा पिता पिता गेले... आणि त्याच दमात, "साहेब, आता त्या हरणांचं काय?" पाच आठवडे झाले. एक गोष्ट आता सांगूनच टाकतो.

दत्ताभाऊ मालवणकडचे सुतार. एका म्हाताऱ्या कुवेतीच्या मजऱ्यावर, म्हणजे शहराबाहेरच्या शेतावर, दारं-कुंपणं करायला आले आणि तिथल्या डिकडिकच्या जोडीचे पालक होऊन बसले. डिकडिक म्हणजे सशाहून थोडं मोठं आफ्रिकी हरीण. सोमालियापासून टांझानियापर्यंत आणि पार नामिबियाकडेही काटेरी झुडपांत राहतं, पाल्यातल्या ओलाव्यावर भागवतं, जन्मभर एकच जोडीदार. जात अजून संपायला आलेली नाही, पण तिकडची झुडपं आखातात येणाऱ्या कोळशासाठी तुटतात हे कळल्यावर आमच्या सहलीत दत्ताभाऊ शेगडीसमोर आडवेच उभे राहिले. "हेंचा घर जाळून कोंबडी भाजतास? लाज वाटूक होयी!" त्या दिवशी आम्ही काकड्या खाल्ल्या, पोट धरून हसत.

एका वर्षी चतुर्थीला ते गावी गेले आणि जोडी माझ्यावर सोपवली. मी सेफ्टीतला माणूस, हाउसकीपिंग रक्तातच. कुंपणाच्या कोपऱ्यात लेंड्यांचा ढीग होता, तो झाडून टाकला. आतल्या झुडपांच्या काड्यांच्या टोकांना डांबरासारखे काळे ठिपके दिसले, कीड समजून सगळी टोकं छाटली. दुसऱ्या दिवसापासून नर कुंपणाला घासत धावत राहिला, मादीने पाला सोडला. हे कळताच दत्ताभाऊ रजा मोडून परतले. आवार बघून म्हणाले, "झकास ठेवल्यात, सायबानू. पण मी गेलंय म्हणान रुसली ती."

मी म्हणालो, "हो."

हळूहळू नवा ढीग साचला, जोडी खायला लागली. मग मी पुस्तक उघडलं. तो ढीग म्हणजे त्यांच्या हद्दीची खूण, आणि काळे ठिपके डोळ्याजवळच्या ग्रंथीतून त्यांनीच लावलेले. मी त्यांची हद्दच पुसली होती. सांगणार होतो... पण तोवर आफ्रिकेची हरणं आपल्यावाचून जेवत नाहीत, हे दत्ताभाऊंनी अख्ख्या जलीबला सांगून टाकलं होतं. इतके खूश होते! जोडी पुन्हा रुसेल म्हणून पुढची तीन वर्षं ते गावी गेले नाहीत. मी गप्प राहिलो.

तीन आठवड्यांपूर्वी दत्ताभाऊंच्या बायकोला, वहिनींना, गावी फोन करून सगळं कबूल केलं. पलीकडून आधी हसू आलं.

"तेंका सांगलात नाय ता बरा केल्यात, भावोजी. 'माझ्यासाठी दोन जीव उपाशी रवले' म्हणान फोनार गावभर सांगत." मग आवाज बदलला. "पण माका सांगूक होया होता. तीन चतुर्थ्यो गणपतीवर फळां-पाना टांगूची लाकडी माटवी मी एकटीन बांधलंय."

"चुकलं, वहिनी."

"चुकला तर येवा. यंदा बांधूक सुतार नाय."

"मला खिळासुद्धा सरळ मारता येत नाही हो."

"शिकशात. तीन वर्षां येवचा आसा तुमका."

रजा मंजूर झाली आहे. जोडी दत्ताभाऊंच्या खोलीतल्या त्या सोबत्यावर सोपवणार, झाडूला हात लावायचा नाही एवढीच ताकीद देऊन. दत्ताभाऊंची हातोडी त्याने मला आणून दिली. तिची मूठ त्यांच्या अंगठ्यापुरती झिजून खोलगट झाली आहे. दर शुक्रवारी मजऱ्यावर जाऊन जुन्या फळीत खिळे मारतो. निम्मे वाकतात. ती दोघं कुंपणाशी येऊन, लांबुडकी नाकं हलवत, बघत उभी राहतात.