वाळ्याचं सरबत, दोन ड्रम

ताई फेब्रुवारीत गेली. सकाळी ओट्यापाशी चहा गाळत होती, खाली बसली आणि उठली नाही. रिक्षा आली, दवाखाना आला, डॉक्टर बाहेर आले. संध्याकाळी मी घरी परतले तेव्हा गाळणी पातेल्यावर होती.

आम्ही दोघीच होतो. छावणीच्या मागच्या वसाहतीत, विहारापासून थोडं पुढं आमचं घर. आई-वडील लवकर गेले, तेव्हा ताई मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागली आणि तिनं मला शिकवलं. आता मी शाळेत मराठी शिकवते. ताईनं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. वर्षातून एकदा, एप्रिलमधल्या जयंतीला, ती विहारासमोर टेबल मांडून वाळ्याचं सरबत वाटायची. एवढी एकच गोष्ट ती लोकांसमोर करायची. तिच्या सरबताला रंग नसायचा. मुलं त्याला मातीचं सरबत म्हणायची आणि पुन्हा पुन्हा ग्लास पुढं करायची.

ती गेल्यावर जयंती मंडळाचे अध्यक्ष भेटायला आले. म्हणाले, "मॅडम, ह्या वर्षी ताईंच्या नावानं मोठा स्टॉल लावू. चौकातच. मिरवणूक तिथंच थांबती. ताईंचं सरबत, दोन ड्रम. तुम्ही फकस्त व्हय म्हणा."

मी हो म्हणाले.

बॅनरवर तिचा फोटो लागणार होता. त्याचं मला काही वाटत नव्हतं. तिचा आवाज कुठं साठवलेला नाही, तिनं कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. लोकांकडं तिचं काही असेल तर ती चव होती. दोन ड्रमांतून ती निघाली नाही, तर त्या बॅनरला काही अर्थ नव्हता.

कृती मला ठाऊक होती. वाळ्याची मुळं धुवायची, रात्रभर पाण्यात भिजत घालायची, सकाळी मंद आचेवर ते पाणी नुसतं कोमट करायचं, फडक्यातून गाळायचं. साखरेचा पातळ पाक, लिंबू, चिमूटभर मीठ. वर्षानुवर्षं लिंबं मीच पिळलेली. मोठं माप करण्याआधी घरच्या पातेल्यात एकदा करून बघावं, म्हणून मी मुद्दाम पाण्याच्या दिवसाची वाट पाहिली. आमच्याकडं नळ रोज येत नाहीत. आठवडा आठवडा जातो, आणि ज्या दिवशी पाणी येतं त्याला सगळी वसाहत पाण्याचा दिवस म्हणते. ताईचं काम ताज्या पाण्यात व्हावं असं मला वाटलं. भांडी घासून लख्ख केली, नळाचं पहिलं पाणी सोडून दिलं, दुसरं भरलं.

सरबत झालं आणि त्यात काहीच नव्हतं.

मी पलीकडच्या गल्लीतल्या खालांना बोलावलं. त्या मूळच्या सिल्लोडच्या, ताईच्या जुन्या मैत्रीण. रमजानमध्ये ताई त्यांच्याकडं आणि जयंतीला त्या आमच्याकडं, असं ठरलेलं. त्यांनी घोट घेतला, ग्लास खाली ठेवला.

"बेटा, खुशबू कुठाय? हे तर नुसतं गोड पानी."

"वाळा जुना असेल."

"वाळा जुना नाय, तू नवी आहेस," त्या म्हणाल्या आणि उरलेलं सरबत तरीही पिऊन टाकलं.

पुढच्या खेपेला मी वाळा दुप्पट घातला. सरबत कडवट झालं, लाकूड उकळल्यासारखं. दुकान बदललं. साखर बदलली. लिंबाऐवजी दुसरं काही घालून पाहिलं. पाणी मात्र दर खेपेला ताजंच, पाण्याच्या दिवशी भरलेलं. शाळेतून आले की ओट्यापाशी उभी राहायची, चाखायची, ओतून द्यायची. वाचायला घेतलेली पुस्तकं पालथी पडून राहिली. दुःख करायला बसावं तर त्यालाही वेळ नव्हता, सगळा वेळ ह्या पातेल्यानं खाल्ला. ताईवरच चीड यायची. एवढ्या वर्षांत एकदा तरी सांगायचं होतं, ती वेगळं काय करते ते.

मग वाटलं, कदाचित मोठ्या भांड्यात जमेल. विहारातलं जेवणावळीचं पातेलं आणलं, सगळी मापं त्या हिशेबानं वाढवली. ते कोमट व्हायलाच इतका वेळ लागला की तोवर सगळी गल्ली वाळ्यानं दरवळली आणि पातेल्यात तपकिरी पाणी उरलं. वाढवलेला पाकही डोक्याला चढेल इतका गोड.

खाला दारातूनच म्हणाल्या, "माशाल्ला! सगळ्या मोहल्ल्याला शरबत पाजलंस. नाकानं."

मला हसू आलं नाही. जयंती जवळ आली होती.

नंतरच्या पाण्याच्या दिवशी पाणीच आलं नाही. कुठंतरी जलवाहिनी फुटली होती. घरात तळाला गेलेलं जुनं पाणी होतं, तेवढंच. ते वापरून टाकावं की राखून ठेवावं याचा विचार करत बसले, आणि रागारागातच त्यात वाळा भिजत घातला. सकाळी झाकण काढलं तेव्हा मागं कोणी उभं असल्यासारखी मी वळले. वास तोच होता. गाळून, पाक घालून चाखलं. तेच होतं.

मग एकेक गोष्ट जुळत गेली. ताई नेहमी पाण्याच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी वाळा भिजत घालायची. "भांडी रिकामी करायचीत," म्हणायची. मला वाटायचं, उरलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून. नळाला पाणी येतं तेव्हा त्याला ब्लिचिंग पावडरचा वास असतो. तो इतका अंगवळणी पडलेला की मला कधी जाणवलाच नव्हता. आठवडाभर उघड्या तोंडाच्या भांड्यात राहिलं की तो उडून जातो. ताज्या पाण्यात मी वाळ्याचा गळा घोटत होते. ताईला हे कळून ती तसं करत होती, की खरंच भांडी रिकामी करत होती, ते आता कोण सांगणार?

पण आमच्या घरात आठवड्याच्या शेवटी पाणी उरतं ते एका पातेल्यापुरतं. दोन ड्रमांना शिळं पाणी आणायचं कुठून? जयंतीआधीच्या पाण्याच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी मी घरोघरी गेले. असं कुणाच्या दारात जायची मला सवय नाही.

"उद्या नळ यायच्या आधी जुनं पाणी ओतून देऊ नका. मला द्या."

"शिळं पाणी कशाला मॅडम? सकाळी ताजं देते की, लागंल तेवढं."

"सरबताला शिळंच लागतं."

पहिल्या घरातली बाई माझ्याकडं बघत राहिली. "जयंतीच्या दिवशी लोकांला शिळं पाणी पाजणार व्हय? तुम्ही शिकलेल्या ना?"

मी उंबऱ्यावर उभी राहिले. पाण्यावरून आमच्या माणसांनी काय सोसलंय ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. तळ्याच्या सत्याग्रहाचा धडा वर्गात शिकवताना माझा आवाज बदलतो. आणि आता मीच जयंतीसाठी दारोदार उरलेलं पाणी मागत होते. ब्लिचिंग पावडर, वास, वाळा, सगळं समजावून सांगितलं. दुसऱ्या घरी पुन्हा तेच. तिसऱ्या घरी खाला माझ्या मदतीला आल्या. "अहो, तिची बहीण हेच पाजायची तुम्हाला. तेव्हा मरला का कोणी?" त्यानंतर हंडे, कळशा बाहेर येऊ लागल्या. काहींनी दिलं, काहींनी दार लावून घेतलं.

शाळेतून रजा काढली. मोठं पातेलं परत केलं, वाळा रात्री त्या हंड्या-कळश्यांतच भिजत घातला आणि ताईच्याच पातेल्यात एकामागून एक घाणा करत गेले. ओता, कोमट करा, गाळा. प्रत्येक घाण्याचा घोट खाला घेत होत्या. कुणाच्या प्लास्टिकच्या टाकीचं पाणी असेल तर त्यांना लगेच कळायचं. तो घाणा बाजूला. शेवटी दोन ड्रम भरले. दुसरा काठोकाठ नव्हता, पण सगळं सरबत बरोबर होतं. मी स्वतः चाखलं होतं.

मंडळाच्या टेम्पोतून ड्रम पुढं गेले. मी साडी बदलून चौकात पोचले तेव्हा स्टॉलवर गर्दी होती, बॅनरवर ताई होती आणि लोकांच्या हातातल्या ग्लासांत हिरवंगार सरबत होतं.

"हे काय केलंत?" मी अध्यक्षांना विचारलं. ढोलामुळं दोनदा विचारावं लागलं.

"रंग टाकला मॅडम, खायचाच हाय. पांढरं सरबत कुणी घेईना. लोक म्हणले लिंबूपाणी दिसतंय. आन् गर्दी बघून बर्फाच्या लाद्या सोडल्या, वर टँकरचं थोडं पाणी. पुरलं पाहिजे ना. लई भारी झालंय, घ्या की!"

त्यांनी ग्लास माझ्या हातात दिला. घामानं भिजलेला त्यांचा चेहरा खुशीत होता. ताईसाठी त्यांनी दिवसभर उन्हात उभं राहून हे केलं होतं. लोक पीत होते, हिरवी जीभ काढून एकमेकांना दाखवत होते, "ताईंचं सरबत" म्हणत होते.

खाला बाजूला खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी माझा ग्लास घेतला, डोळे मिटून थोडं प्यायल्या.

"पहिला घोट तिचा आहे," त्या म्हणाल्या. "नंतर सगळा बर्फ."

मी प्यायले. मला पहिल्या घोटातही ती सापडली नाही.

अध्यक्षांनी पुढच्या वर्षी चार ड्रम करायचं ठरवलंय. मी त्यांना अजून नाही म्हटलेलं नाही. घरात आता मी एकटी आहे. ताईचं पातेलं आहे, थोडा वाळा आहे, आणि ती चव मला जमते, एका वेळी एका पातेल्यापुरती.