दोन शिट्ट्यांवर क्रॉस, तीन शिट्ट्यांवर गोल

एव्हारिस्टो कालुबाने आयुष्यात एकही गोल मारलेला नाही. तरी गोल कसा मारायचा हे तो आमच्या लुआन्श्या या खाणगावातल्या पोरांना बारा वर्षं शिकवत होता, आणि मी बारा वर्षं त्या गोलात उभा राहून ते शिक्षण पोटावर, मांडीवर आणि दोनदा भर तोंडावर झेलत होतो. माझं नाव लॅक्सन जेरे. खाणीच्या दिवेखोलीत, जिथे खाली उतरणाऱ्यांना टोपीवरचे दिवे देतात तिथे, नोकरी केली, सहा नंबर रेंजर्सचा गोलकीपर होतो. गुडघे गेल्यावर क्लबाने मला गोलकीपरांचा कोच केलं. म्हणजे काय, तर क्लबात गोलकीपर एकच, तोही सुताराच्या दुकानातून सुटला तर यायचा. म्हणून सरावाला मीच उभा.

मी न्गोनी जमातीचा, कालुबा बेम्बा. आमच्या पणजोबांनी एकमेकांची डोकी फोडली होती, म्हणून आता आम्ही एकमेकांना तोंडाला येईल ते बोलायचं आणि समोरच्याने हसायचं, अशी रीत. रागावला तो हरला. कालुबाच्या आईच्या मयताला मी शवपेटीसमोर आडवा पडलो होतो. म्हणालो, "आधी बिअर आणा, मग म्हातारीला पुढे नेऊ देतो." रडता रडता तो माणूस हसला आणि माणूस धाडून बिअर आणवली. तर असा आमचा संबंध. या गोष्टीत तो संबंधच मला नडला, पण ते पुढे येईल.

कालुबा सहा नंबर शाफ्टवर चौदाशे फूट खाली घंटेपाशी असायचा. खाणीत वर-खाली जाणाऱ्या पिंजऱ्यात माणसं चढली की वर इंजिनवाल्याला घंटा द्यायची, एवढंच त्याचं काम. एक टोला म्हणजे थांब. दोन म्हणजे पाठव. तीन म्हणजे आत माणसं आहेत, बेताने. बावीस वर्षं त्याने टोले दिले आणि बावीस वर्षांत त्याच्या पाळीला कुणाचं बोटसुद्धा चेंगरलं नाही. लोक हे फार कौतुकाने सांगतात. मला विचाराल तर या माणसाचं वाटोळं याच गोष्टीने केलं. एखादा अपघात झाला असता, तर घंटेपलीकडेही जगात काही असतं हे त्याला कळलं असतं. पण काहीच झालं नाही, आणि त्याची खात्री पटली की माणसाला योग्य वेळी टोला दिला की सगळं नीट होतं.

शाफ्ट बंद झाला. कालुबा किट्वेला जाऊन तीन दिवसांचा कोचिंगचा कोर्स करून आला. प्रमाणपत्राला प्लास्टिक चढवलं, गळ्यात शिट्टी अडकवली आणि खाणीचं चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट अंगात घालून मैदानावर हजर झाला. कोर्समध्ये त्याला क्रॉस आणि फिनिशिंगची एक कवायत शिकवली होती. एकच. तीच त्याने बारा वर्षं चालवली.

कवायत अशी. खाणीतली जुनी फुटकी हेल्मेटं ओळीने मांडायची. ही प्रतिस्पर्ध्याची बचावफळी. उजव्या बाजूला विंगर चिसेंगा चेंडू घेऊन पळणार, गोलरेषेपाशी पोचला की एक शिट्टी. सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. मग दोन शिट्ट्या, चिसेंगाने क्रॉस उचलायचा, म्हणजे चेंडू उंच गोलासमोर टाकायचा. मग तीन शिट्ट्या, की मधून स्ट्रायकर कपासा जवळच्या खांबाकडे आणि दुसरा एक जण लांबच्या खांबाकडे धावणार, आणि ज्याच्या वाट्याला येईल त्याने चेंडू न अडवता सरळ जाळीत हाणायचा. दोन आणि तीनच्या मधे किती थांबायचं ते कालुबा डोळे मिटून ठरवायचा. डोळे मिटून! समोर फुटबॉल चाललाय, आणि कोच डोळे मिटून उभा.

आणि सांगायला लाज वाटते, पण ते जमायचं. एकेका संध्याकाळी चाळिसात छत्तीस गोल. आकडा मला ठाऊक आहे, कारण ते चेंडू जाळीतून काढायला मीच वाकायचो. कुंपणाबाहेर मुंकोयो, म्हणजे मक्याचं आंबवलेलं पेय, विकणाऱ्या बायका टाळ्या वाजवायच्या. कालुबा माझ्याकडे बघून भुवया उडवायचा.

"काय रे उंदीरखाऊ, दिसला का चेंडू?"

"दिसला की. हेल्मेटांना मात्र दिसला नाही, माकडखाऊ. तुझ्या हेल्मेटांनी आज एकदाही टॅकल केलं नाही. त्यांना टीममधून काढ."

तो पोट धरून हसायचा. पोरंही हसायची. आणि पुन्हा एक शिट्टी.

आता सामन्याचं सांगतो. सामन्यात शिट्टी रेफरीची. पहिल्याच वर्षी कालुबाने बाकावरून शिट्टी फुंकली, दोन्ही संघ जागच्या जागी उभे राहिले आणि लाइन्समनने झेंडा वर केला. रेफरीने येऊन शिट्टी काढून घेतली. शाळेत मास्तर पोरांच्या गोट्या परत देतात तशी सामना संपल्यावर परत दिली. तेव्हापासून आमच्या प्रत्येक सामन्याआधी रेफरी न चुकता हात पुढे करायचा, आणि कालुबा शिट्टी काढून त्या हातावर ठेवायचा.

शिट्टी गेली की आमचा संघ गेला. चिसेंगा वाऱ्यासारखा गोलरेषेपर्यंत जायचा, आणि तिथे पोचला की चेंडूवर पाय ठेवून बाकाकडे बघायचा. मध्ये कपासाही बाकाकडे बघायचा. तोवर समोरचे पाच जण परत येऊन, घाम पुसून, चेंडू काढून घ्यायचे. पुढे पुढे तर बाहेरचे संघ चिसेंगाला अडवेनासे झाले. एकदा मी त्यांच्या बचावपटूला माझ्या कानांनी ऐकलं. तो आपल्या जोडीदाराला म्हणत होता, "जाऊ दे रे त्याला, पळू नकोस. तो तिथे थांबणार आहे."

त्या मोसमात बावीस सामन्यांपैकी एकवीस झाले होते आणि आमचे गोल होते सात. त्यातले दोन समोरच्यांनी स्वतःच्याच जाळीत मारलेले. चेअरमन बा न्कोले ('बा' आम्ही मान द्यायला लावतो, बाई असो की बुवा) यांनी कालुबाला क्लबाच्या खोलीत बोलावलं. मीही होतो. बा न्कोले मोजकं बोलणारे.

"शनिवारी शेवटचा सामना. जिंकलो तर या गटात राहतो. नाही जिंकलो, तर शिट्टी या टेबलावर ठेवायची. समजलं, बा कालुबा?"

"समजलं," कालुबा म्हणाला. बाहेर आल्यावर त्याने काय केलं असेल? कवायत दुप्पट केली. चाळीस क्रॉसचे ऐंशी. माझ्या मांड्या काळ्यानिळ्या झाल्या.

बुधवारी त्याची बायको बा फेलिया माझ्या दारात आली. या बाईचं मला फार कौतुक आहे. घरातही तो ताटलीवर चमचा दोनदा वाजवून मक्याची न्शिमा मागतो, आणि तरी तिने अजून ती ताटली त्याच्या डोक्यात घातलेली नाही. ती उंबऱ्यावरच बसली.

"भावजी, तुम्हीच त्यांना सांगा. शाफ्ट बंद झाला तेव्हा आठ महिने भिंतीकडे तोंड करून पडले होते. जेवायला उठवावं लागायचं. पुन्हा तसं झालं तर माझ्याने नाही व्हायचं आता."

"वहिनी, मी बारा वर्षं सांगतोय."

"तुम्ही बारा वर्षं शिव्या देताय," ती म्हणाली. "ते निराळं."

मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी सराव संपल्यावर मी कालुबाला धरलं. तो हेल्मेटं गोळा करत होता, एकात एक घालत, त्यांना काही लागू नये अशा बेताने. मी म्हणालो, "एव्हारिस्टो, शिट्टी सोड. पोरांना एकमेकांकडे बघून धावू दे. मस्करी नाही करत. खरंच सांगतोय."

तो थांबला. माझ्याकडे नीट पाहिलं. क्षणभर मला वाटलं, पोचलं. आणि मग तो असा हसला की हातातली हेल्मेटं खाली पडली.

"खरंच सांगतोय म्हणे! अरे, न्गोनी खरं बोलायला लागला! फेलियाला सांगायला हवं हे! काय चेहरा केलास रे, अगदी पाद्री!"

तेव्हा त्याचं मनगट धरायला हवं होतं. ओरडायला हवं होतं, हवं तर एक ठेवून द्यायला हवी होती. मी काय केलं? मीही हसलो. म्हणालो, "पाद्री तुझ्यासारख्या माकडखाऊला दारात उभा करणार नाही." बारा वर्षांची सवय, तोंड आपोआप तिकडेच वळलं. घरी जाताना मात्र स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

शनिवारी कलुलुशीचा संघ आला. रेफरीने हात पुढे केला, कालुबाने शिट्टी ठेवली. पहिला अर्धा वेळ शून्य-शून्य. दुसऱ्यातही तेच. चिसेंगा सात वेळा गोलरेषेपर्यंत गेला आणि सात वेळा आमच्याकडे बघत उभा राहिला. कालुबा बाकावर गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. त्याचे ओठ मात्र हलत होते. एक. दोन. तीन. मनातल्या मनात हा बाबा टोले देत होता, आणि चौदाशे फुटांवर ते कुणाला ऐकू जाणार?

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला चिसेंगा आठव्यांदा पोचला. पायाखाली चेंडू, मान आमच्याकडे. मी ओरडलो, "मार रे! मार!" मुंकोयोवाल्या बायका ओरडल्या, सगळं कुंपण ओरडलं. आणि काय झालं कोण जाणे, चिसेंगाने मान फिरवली आणि बारा वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या मनाने क्रॉस उचलला.

मी जन्मभर क्रॉस झेललेत. इतका सुंदर मी पाहिलेला नाही. त्यांचा गोलकीपर पुढे आला आणि घसरून पडला. बचावातले दोघे उडी मारून चुकले. चेंडू मोकळ्या गोलासमोरून, माणसाच्या छातीच्या उंचीने, सावकाश म्हणावा असा गेला. कपासा तिथून चार पावलांवर उभा होता. दुसरा त्याच्या मागे. दोघेही उभे. चेंडू गोलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, दुसऱ्या बाजूने बाहेर पडला आणि एका बाईच्या मुंकोयोच्या बादलीला जाऊन लागला.

सामना शून्य-शून्य संपला. आम्ही खालच्या गटात गेलो. कपासा बाकापाशी आला तेव्हा रडत होता. "बा कालुबा," तो म्हणाला, "तीन झालेच नाहीत."

कालुबाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "बरोबर आहे. तू बरोबर उभा होतास." मला वाटलं, आता मी याला मारतो. पण त्याचं तोंड बघून मी बूट सोडायला बसलो.

शिट्टी त्याने टेबलावर ठेवली. दोरी नीट गुंडाळून. बा न्कोलेंनी ती उचलली आणि माझ्या पुढ्यात सरकवली. "तुम्हीच बारा वर्षं सांगत होतात ना, बा जेरे? आता करून दाखवा."

सोमवारी चार वाजता मी मैदानात उभा राहिलो. गोलात सुताराकडचा पोऱ्या होता, त्याला मुद्दाम सोडवून आणला होता. हेल्मेटं मी आणलीच नाहीत. त्यांच्या जागी जिवंत माणसं उभी केली. आणि छाती पुढे काढून भाषण दिलं.

"आजपासून शिट्टी नाही. देवाने डोळे दिलेत, ते वापरा. चिसेंगा, कपासा धावताना दिसला की चेंडू टाक. कपासा, चिसेंगाचा पाय मागे गेला की धाव. एवढंच आहे. माकडालाही जमेल."

चिसेंगा पळाला. गोलरेषेपाशी थांबला. माझ्याकडे बघितलं. मी हात पाठीमागे बांधले. त्याने कपासाकडे बघितलं, कपासाने त्याच्याकडे. मग चिसेंगाने क्रॉस टाकला आणि कपासा तो गेल्यावर धावला. पुढच्या वेळी कपासा आधी धावला, खांबाला जाऊन चिकटला, आणि क्रॉस त्याच्या पाठीवर आपटला. त्याच्या पुढच्या वेळी दोघे स्ट्रायकर एकमेकांवर आदळले आणि एकाच्या ओठातून रक्त आलं. मी समजावलं. मग ओरडलो. मग स्वतः विंगवर जाऊन उभा राहिलो, माझ्या या गुडघ्यांनी. एक तास झाला. एकही गोल नाही. वीस माणसं हात कमरेवर ठेवून माझ्याकडे बघत होती. त्यांच्या नजरेत काय होतं ते मला चांगलं ओळखू आलं. बारा वर्षं गोलातून कालुबाकडे मी तसंच बघत होतो.

खिशात शिट्टी होती. मी ती काढली. एक.

सगळे थांबले. असे थांबले, की कुंपणापलीकडच्या बायकांचं बोलणंसुद्धा थांबलं.

दोन. चेंडू वर उठला. तीन. कपासा धावला, आणि चेंडू जाळीत. पोरं मोठ्याने ओरडली, चिसेंगाने दोन्ही हात वर केले. मी तिथेच उभा राहिलो, थुंकीने ओली झालेली ती शिट्टी दातात धरून.

"जेरे!"

कुंपणापाशी कालुबा उभा होता. तेच चमकणारं जाकीट, हातात मुंकोयोचा मग. किती वेळचा उभा होता कोण जाणे. मी शिट्टी हातात घेऊन वाट पाहिली. आता उंदीरखाऊ म्हणेल, सगळ्या गावासमोर माझी सालटी काढेल, आणि मला हसावं लागेल. त्याचा तो हक्कच होता.

"दोन आणि तीन फार जवळ आले," तो म्हणाला. "थोडं थांब मधे. कुणीतरी चेंगरेल."

मी हसायला तोंड उघडलं. पण तो हसत नव्हता.

मी त्याच्याकडे पाठ फिरवली, चिसेंगाला पुन्हा जागेवर पाठवलं, आणि शिट्टी फुंकली. एक. मग दोन. मग मी डोळे मिटले आणि थांबलो.