नळीचं दुसरं टोक

आमच्या ह्यांना निवृत्त होऊन तेव्हा वर्ष झालं होतं. डोक्यावर केस उरले होते ते मागच्या बाजूला, आणि जिना चढताना प्रत्येक मजल्यावर ते कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखे थांबायचे. अशा माणसावर कोणत्याही बाईची नजर जाऊ शकते, अशी माझी तेव्हा खात्री होती. मी पंचावन्नची होते. म्हणजे अगदीच अजाण.

गिरगावातली खोली विकून आम्ही बऱ्याच वर्षांपूर्वी भाईंदरला, गोडदेवच्या मागच्या बाजूला एका बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो होतो. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे मोकळी जमीन आणि तिच्या मधोमध एक तलाव. तलावात म्हशी बसायच्या. पण संध्याकाळी गॅलरीतून बघताना म्हशीसुद्धा बऱ्या दिसायच्या. दोन हजार सालानंतरच्या त्या दिवसांत आमच्याकडे जिथे मोकळं दिसेल तिथे बिल्डरची पाटी लागायची, तशी ती तिथेही लागली. तलावाच्या काठाने बंगल्यांची वसाहत होणार होती. पाटीवरच्या चित्रात तलाव निळाशार होता आणि त्यात हंस होते. म्हशींचा उल्लेख नव्हता.

त्या जमिनीवर घरं बांधू द्यायची की नाही, यावर लोकांच्या हरकती आणि सूचना मागवल्याची नोटीस आमच्या गेटवर लागली. ती सगळ्यांनी पाहिली आणि वाचली एकीनेच. तळमजल्यावरच्या बाईंनी.

बाई शाळेत भूगोल शिकवायच्या. मूळच्या रत्नागिरीकडच्या, लग्न केलेलं नाही, वय माझ्याहून सात-आठ वर्षांनी कमी. नेसणं असं की दिवसभर शाळेत उभं राहूनही निरी जागची हलायची नाही. माझं पातळ सकाळी नऊलाच हार मानायचं. एवढ्या एका कारणावरून मी त्यांना बरीच वर्षं मनातून माफ केलेलं नव्हतं.

बाईंनी कचेरीत जाऊन वसाहतीच्या नकाशाची प्रत आणली आणि थेट आमच्याकडे आल्या, कारण ह्यांनी उभा जन्म एका ठेकेदाराकडे सुपरवायझर म्हणून गटारं आणि रस्ते करण्यात घालवला होता. नकाशा जमिनीवर पसरला. चार कोपऱ्यांवर माझे चार डबे ठेवले गेले, त्यातला एक साखरेचा, त्यामुळे चहा अडला. कुणालाच चहाची आठवण झाली नाही.

"हे बघा बाई," हे गुडघ्यांवर बसून सांगत होते. जे गुडघे देवाला नमस्कार करताना वाकत नव्हते, तेच. "इथे चार फूट भराव घालणार. सगळ्या वसाहतीचं पावसाचं पाणी तलावात. तलाव भरला की पाणी बाहेर जायला वाट एकच, आपल्या रस्त्याखालची मोरी. ती मोरी तुम्ही पाहिलीये?"

"पाहिलीये. मांजर वाकून जाईल एवढी."

"बरोबर. मग जे पाणी मोरीतून जाणार नाही, ते कुठे जाईल?"

"जिथे खोलगट असेल तिथे."

"आणि आपलं आवार काठापेक्षा खाली असेल तर?"

"तर माझ्या घरात," बाई म्हणाल्या. "दर पावसाळ्यात उंबऱ्यापर्यंत येतंच. आता आत येईल."

तो तळमजल्याचा फ्लॅट त्यांनी एकटीच्या पगारावर घेतला होता. दुसरीकडे जायला त्यांना जागा नव्हती, हे सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं. मलाही होतं. पण मी त्या वेळी ह्यांच्या आवाजाकडे लक्ष देत होते. "हे बघा बाई." पस्तीस वर्षांत मला "हे बघ" एवढंच आलं होतं, आणि तेही मीठ जास्त पडल्यावर.

कचेरीत नुसतं वाटतं म्हणून चालत नाही, मोजून दाखवावं लागतं. ह्यांनी माळ्यावरून लेव्हलची नळी काढली. गवंडी वापरतात तीच, लांबलचक पारदर्शक नळी, आत पाणी. दोन माणसांनी दोन टोकं धरून उभं राहायचं. पाणी दोन्हीकडे एका पातळीत येतं, मग जमिनीपासून ते किती उंच आहे ते पाहायचं, की कुठली जागा वर आणि कुठली खाली ते कळतं. दोन माणसं लागतात, हा त्या नळीचा मोठा दोष.

रोज संध्याकाळी पावसाने उघडीप दिली की ही दोघं रस्त्यावर. हे एका टोकाला, बाई दुसऱ्या टोकाला, मध्ये नळी लोंबतेय. मी गॅलरीत तांदूळ निवडत. त्या महिन्यात मी इतके तांदूळ निवडले की खडे संपले.

"थोडी वर घ्या," हे म्हणायचे. "हां. थोडी खाली. बास, अशीच धरा. छान."

छान. खालून येणारे ते शब्द मी दुसऱ्या मजल्यावर झेलत होते. नळी आहे ही, पाळणा नाही, असं ओरडून सांगावंसं वाटायचं. रात्री जेवताना मी विचारलं, "काय, झालं का मोजून?"

"छे, अजून मोरीची बाजू राहिली. बाईंचा हात फार स्थिर आहे."

मी वरणाची पळी जरा लांबूनच वाढली.

अशात नारळी पौर्णिमा आली आणि मला युक्ती सुचली. तेव्हा तिचं मला फार कौतुक वाटलं होतं. मी खाली जाऊन बाईंना म्हटलं, "तुमचे भाऊ गावी. सणाच्या दिवशी एकट्या कशाला बसता? ह्यांना राखी बांधायला या." आता बघते, मनात म्हटलं, हे कसं छान म्हणतात ते.

बाईंनी माझ्याकडे बघितलं, अगदी नापास झालेल्या मुलीकडे बघावं तसं, प्रेमाने. "येते ना वहिनी," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, मोजणीच्या पहिल्याच आठवड्यात बोलवाल."

त्या आल्या, राखी बांधली, ओवाळलं. नारळीभाताचा घास घेतला आणि म्हणाल्या, "गूळ हात आखडून घातलात वहिनी. भाऊंना गोड लागतं."

"लागतं," हे म्हणाले. मला पस्तीस वर्षांत कधी बोलले नव्हते.

एका दुपारात मी स्वतःच्या हाताने घरात नणंद आणून बसवली होती. बाईंना आता हक्क मिळाला. त्या बेल न वाजवता यायला लागल्या. ओट्यावरची बरणी उघडून लोणच्याचा वास घ्यायला लागल्या. आणि जाताना म्हणाल्या, "उद्या शेवटची बाजू मोजायचीये, माझ्या दारापासून तलावाच्या काठापर्यंत. तुम्हीही चला. वरून बघून बघून मान धरेल."

म्हणजे त्यांनी मला गॅलरीत पाहिलं होतं.

मी गेले. हट्टाने नळीचं एक टोक घेतलं. हे आणि बाई पुढच्या टोकाला. हे धरणार, बाई खुणा करणार. मागचं टोक माझ्याकडे, सोबत एक बांबू आणि खडू. ह्यांनी शिकवलं, "चालताना टोकावर अंगठा दाब, पाणी सांडू देऊ नको. थांबलीस की अंगठा काढायचा. पाणी स्थिर झालं की बांबूवर खूण कर. जमेल ना?"

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

नळी पोचेल तेवढं अंतर मोजायचं, मग पुढे सरकायचं, पुन्हा थांबायचं, असं आम्ही काठाकडे निघालो. पुढे ती दोघं एकाच बांबूवर वाकून खूण बघत होती. बाईंच्या खांद्यावरचा पदर वाऱ्याने ह्यांच्या हाताला लागत होता, आणि हे तो हात मागे घेत नव्हते. मी पदराकडे बघत होते. पाण्याकडे अधूनमधून.

घरी येऊन ह्यांनी आकडेमोड केली, पुन्हा केली, आणि पेन्सिल खाली ठेवली. "आपलं आवार काठापेक्षा उंच निघतंय."

"शक्य नाही," बाई म्हणाल्या.

"मोजलंय आपण. तुमच्या उंबऱ्याशी येतं ते तुंबलेल्या गटाराचं असेल. नकाशाला दोष देता येणार नाही, बाई. हरकत घ्यायला जागाच नाही."

बाई उठल्या. नकाशाची गुंडाळी केली, तिला दोरा बांधला, डबे उचलून जागेवर ठेवले. साखरेचा साखरेच्या जागी. जिन्यात त्यांचं पाऊल वाजलं नाही इतक्या हळू उतरल्या.

मी भांडी घासायला बसले आणि माझा उजवा अंगठा पाहिला. बराच वेळ पाण्यात बुडवून ठेवावा तसा तो सुरकुतला होता, आणि टोकाला नळीच्या काठाचं गोल वळ. चालतानाही दाबलेला आणि थांबल्यावरही दाबलेला. पाण्याला बिचाऱ्याला वर यायला वाटच नव्हती. ते खाली अडकलं होतं आणि मी प्रत्येक वेळी तिथेच खूण करत गेले होते.

खरं सांगते, पहिला विचार आला तो असा, की बरं झालं. नळी माळ्यावर जाईल, संध्याकाळी हे घरात बसतील. मी दोन ताटं घासून होईपर्यंत त्या विचारात सुखी होते. तिसरं ताट बाईंचं होतं. त्यांनी जेवायला थांबू असं सकाळी म्हटलं होतं आणि त्या न जेवता गेल्या होत्या. कोरडं ताट मी उगाच घासलं.

हात पुसून बाहेर आले आणि म्हटलं, "अहो, पुन्हा मोजायला हवं. बाईंनी पुढचं टोक वाकडं धरलं होतं. मी पाहिलं."

"टोक मी धरलं होतं."

"मग बांबू वाकडा धरला असेल. मला मागून सगळं दिसत होतं."

हे तडक खाली गेले, मीही मागोमाग. बाईंनी दार उघडलं, ह्यांचं ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या हाताकडे पाहिलं. मी तो पदराखाली घेतला.

"हो भाऊ," बाई म्हणाल्या. "माझाच बांबू वाकडा झाला असेल. माझी चूक. उद्या वहिनींना पुढे घ्या, त्या तुमच्याजवळ राहू देत. मी मागे उभी राहते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं, पण त्याआधीच संताप आला. मोठेपणातही बाईच पहिल्या. मी निदान तेवढी तरी संधी माझ्यासाठी ठेवली होती, ती त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत उचलून नेली.

दुसऱ्या दिवशी आवार काठापेक्षा हातभर खाली निघालं. हरकत लिहून कचेरीत दिली. सुनावणीला बिल्डरचा माणूस माझ्याकडे वळून म्हणाला, "आंटीजी, लेक व्ह्यू फ्री में मिलेगा आपको, टेन्शन क्यूं लेती हो?" मी म्हटलं, "भैया, व्ह्यू घर में घुसेगा ना." ह्यांना हसू फुटलं. बाईंकडे न बघता हसले, हे मी नीट तपासून घेतलं.

मग कचेरीतले एक साहेब तिपाईवरची दुर्बीण घेऊन जागेवर आले. त्यांनी मोजून बाईंच्या भिंतीवर खडूची रेघ मारली: भराव ठरल्याप्रमाणे झाला आणि मोरी तेवढीच राहिली, तर पाणी इथवर. रेघ खिडकीच्या कट्ट्याला लागली होती. बाई तिच्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. साहेब कागदावर लिहीत होते तेवढा वेळ तो हात तिथेच होता.

वसाहतीला मंजुरी मिळाली, पण भराव निम्म्यावर आला आणि घरांच्या आधी मोरी बांधायची अट पडली. मोरी झाली. आता तिच्यातून म्हैस गेली असती. पुढचा पावसाळा तिने आपल्या अंगावर काढला आणि बाईंच्या उंबऱ्याशी पहिल्यांदाच पाणी आलं नाही.

दसऱ्याच्या आधी बाईंनी आम्हाला खाली बोलावलं. इतक्या वर्षांत त्यांच्या आतल्या खोलीत मी गेले नव्हते. पलंगाखाली विटा, कपाटाखाली विटा, पुस्तकांची पेटी टेबलावर. सगळं घर टाचा उंच करून उभं. बाई म्हणाल्या, "आता खाली उतरवू या म्हणते. एकटीने होत नाही."

हे आणि बाई पलंग उचलणार आणि मी खालून विटा ओढणार, असं ठरलं. मी जमिनीवर बसले. पलंग उचलला गेला. वरून ह्यांचा आवाज आला, "सावकाश हं बाई, कंबर सांभाळा. तुम्ही नका जोर लावू, मी घेतो भार."

मग खाली वाकून मला म्हणाले, "अगं, ओढ ना लवकर. काय बसून राहिलीस?"

मी चौथी वीट अंमळ सावकाशच काढली.