एका माणसापुरती किटली

पार्थेना केलेसिदीला कुणी "बरी आहेस ना?" असं विचारलं, तर उत्तर देण्याआधी ती विचार करायची, की याला काय कळलंय आणि कुणाकडून. केंताऊच्या कारखान्यात तिनं उभी हयात लोखंडाचे ओतीव भाग तपासण्यात घालवली होती. हातात लहानसा हातोडा. टक् करून मारायचा आणि कान द्यायचा. भाग स्वच्छ वाजला तर पुढे पाठवायचा, बद्द वाजला तर आत कुठेतरी चीर आहे. निवृत्त होताना कारखान्यानं हातोडा परत घेतला, पण सवय कोण परत घेणार? शेजारीपाजारी, दवाखान्यातला डॉक्टर, कोपऱ्यावरचा खरबूजवाला, सगळ्यांना ती वाजवून बघायची.

अर्थात सगळा दोष कारखान्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही. तिच्या ग्रीक आईबापांना काळ्या समुद्राकाठच्या गावातून सरकारनं एका रात्रीत मालगाडीत कोंबून या कझाख माळरानावर आणून टाकलं होतं. तेव्हाही आधी कुणी काही सांगितलं नव्हतं, आदल्या दिवशी लोक हळू आवाजात बोलत होते एवढंच. तेव्हापासून त्या घराण्यात कुणी आवाज खाली केला की बोचकी बांधायला घ्यायची रीत पडली. पुढे इथले ग्रीक एकेक करून ग्रीकांच्या मूळ देशात, सालोनिकाला निघून जायला लागले, तेव्हाही तोच प्रकार. आधी कुजबुज, मग लहानसहान खरेदी, मग दाराला कुलूप. तिची सख्खी बहीण सिमेला अशीच गेली. जाण्याआधी तिनं प्रवासाला म्हणून एक इवलीशी किटली घेतली आणि घरातली मोठी, पांढऱ्या मुलाम्याची किटली पार्थेनाच्या हातात दिली. "राहू दे तुला. तुझ्याकडे माणसं जास्त असणार," म्हणाली. पार्थेना गेली नाही. नवऱ्याची कबर इथे, जर्दाळूचं झाड इथे, आणि सालोनिकात आपल्याला ओळखतंय कोण? आता अख्ख्या गल्लीत ग्रीक म्हणून दोघीच उरल्या होत्या, ती आणि समोरची हारिक्लिया.

तर अशा बाईच्या घरात एक दिवस सून म्हणाली, "अपा, आपण विजेची किटली घेऊ या. छोटीशी."

पार्थेनाच्या मनात पाल चुकचुकली.

सून मर्झान कझाख होती, इस्पितळात परिचारिका; वडीलधाऱ्या बाईला इकडे अपा म्हणतात, तशी सासूला म्हणायची. मुलगा कोस्त्या तेलविहिरींवर, पंधरा दिवस तिकडे आणि पंधरा दिवस घरी, त्यामुळे घर चालायचं ते या दोघींवर. कोस्त्यानं कझाख मुलगी करतो म्हटलं तेव्हा पार्थेनानं आकाशपाताळ एक केलं होतं. मग ती मुलगी घरी आली, किटलीपाशी बसली आणि चहा देऊ लागली. पियाल्यात जेमतेम दोन घोट ओतायचा, उजव्या हातानं पुढे करायचा, रिकामा होऊन आला की पुन्हा तेवढाच. इकडे चहा असाच देतात. थोडा ओतला म्हणजे बसा, आम्हाला तुम्ही हवे आहात. काठोकाठ भरला म्हणजे प्या आणि चालू लागा. मर्झाननं त्या दिवशी कितीदा पियाला भरला कोण जाणे, पण एक थेंब जास्त पडला नाही. "पोरीचा हात सोन्याचा आहे," एवढंच बोलून पार्थेनानं लग्नाला होकार दिला. तेव्हापासून या घरात चहा द्यायचा तो मर्झाननंच.

आणि आता त्याच सोन्याच्या हातानं सासूचा पियाला काठोकाठ भरायला सुरुवात केली होती.

पहिल्यांदा पार्थेना गप्प बसली, म्हटलं चुकलं असेल. काही दिवसांनी पुन्हा तेच. मग एकदा तर मर्झाननं पियाला डाव्या हातानं पुढे केला. डाव्या हातानं इथे कुणी भिकाऱ्याला तुकडा देत नाही! पार्थेनानं तो चहा मूग गिळून प्याला आणि रात्रभर उशीशी बोलत राहिली. त्यात भर म्हणून दुसऱ्या दिवशी अंगणात कपडे वाळत घालता घालता सून फोनवर कोस्त्याला सांगत होती, "अपांना आत्ताच नको सांगूस." आणि तेही हळू आवाजात.

एवढ्यावर भागतंय कुठे? नात अनेलच्या हातात सध्या एक जाडजूड पुस्तक असायचं, आणि ते नेमकं मर्झाननं आणून दिलेलं. दोरा नावाच्या एका मुलीच्या शाळेच्या तळघरात म्हणे ग्रीकांचे जुने देव भाड्यानं राहतात, आणि ती त्यांची कामं करून देता देता संकटात सापडते. पोरगी अकरा वर्षांची होईपर्यंत ग्रीकांचं नाव न काढणाऱ्या सुनेला आताच हे बरं सुचलं!

"कालोमाना," अनेलनं आजीला विचारलं, "आपण ग्रीक ना? मग आपण कुठल्या देवाचे?"

"संत गिओर्गीचे. घोड्यावर बसतो तो. बाकी मी कुणाला ओळखत नाही."

"झ्यूसला पण नाही?"

"आडनाव काय त्याचं? कुठल्या गल्लीत राहायचा?"

अनेलनं कपाळाला हात लावला. मग पाय पोटाशी घेऊन सांगू लागली, "आता ना, दोरा एका बेटावर आलीय. तिथे एक जादूगारीण आहे. एकदम गोड बोलते. येईल त्याला काठोकाठ भरून पेला देते, आणि तो प्यायला की माणसाचं होतं डुक्कर."

"काठोकाठ?"

"हो. अगदी वरपर्यंत."

पार्थेनानं हळूच आपली हनुवटी चाचपून पाहिली. मग पुस्तक बाजूला सारून तिनं नातीला जवळ ओढलं. "खरं सांग, तुझी आई माझ्यापासून काय लपवतेय?"

अनेलचे कान लाल झाले. "मला नाही सांगता येणार. मी काळ्या नदीची शपथ घेतलीय. ती मोडली की देवसुद्धा वर्षभर श्वास न घेता पडून राहतात."

"कसली नदी? या गावात धड नाला नाही!"

पण पोरगी ढिम्म. म्हणजे तीही फितूर. पार्थेना तडक समोर हारिक्लियाकडे गेली. दुसऱ्याच्या घरातलं दुःख ऐकायला हारिक्लिया नेहमी मोकळीच असायची.

"छोटी किटली?" हारिक्लिया म्हणाली. "अगं, छोटी म्हणजे एका माणसापुरती. ते तिघं जाणार सालोनिकाला आणि तू राहणार. परिचारिकांना तिकडे केवढी मागणी आहे ठाऊक आहे का तुला? सिमेलाच्या वेळचं विसरलीस?"

"विसरीन कशी?"

"मग? कुठेतरी पाणी मुरतंय बाई."

पाणी मुरतंय हे पार्थेनालाही कळत होतं. पण एका माणसापुरती हा शब्द तिला तोवर सुचला नव्हता, आणि आता तो डोक्यातून जाईना. या घरात आपण एकटीच, टेबलावर एक पियाला, आणि तो भरणारंही कुणी नाही. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता. तिनं रागाला पुढे केलं.

शनिवारी तिघी बाजारात इल्हामच्या दुकानात गेल्या. इल्हाम उइघूर जमातीचा, जिभेवर साखर, आणि म्हणूनच पार्थेनाच्या यादीत फार वरचा संशयित.

"ही बघा, काचेची. पाणी उकळताना आत निळा दिवा लागतो."

"दिवा कशाला? अंधारात उकळायला भितं का ते?"

त्यानं प्लास्टिकची पुढे केली. पार्थेनानं झाकण उघडून आत नाक घातलं. "नव्या चपलांचा वास येतोय. पाय धुवायला घेऊ का हिच्यात?"

"बरं, मग स्टीलची घ्या. पाणी उकळलं की आपोआप बंद."

"उकळलं हे तिला कोण सांगतं?"

"आत एक पट्टी असते, अपा. वाफ लागली की ती वाकते, आणि ती वाकली की बटण पडतं."

"आणि एक दिवस नाही वाकली तर?"

"तर माझ्याकडे आणा. मी इथेच आहे. मी कुठे जाणार?"

"सगळे असंच म्हणतात," पार्थेना म्हणाली आणि सुनेकडे पाहिलं.

सून एकेक किटली उचलून बघत होती, तीही डाव्या हातानं. उजवा हात कोटाच्या खिशात जो गेला होता तो बाहेर यायचं नावच घेत नव्हता. काय असेल त्या खिशात? तिकिटं, दुसरं काय असणार!

"चौघांना पुरेल अशी घे की," पार्थेनानं खडा टाकून पाहिला.

"नको अपा. जड होते."

"कुणाला जड होते?"

 मर्झाननं सगळ्यात लहान स्टीलची किटली काउंटरवर ठेवली. पार्थेनानं बोटातल्या अंगठीनं ती टक् करून वाजवली, इकडून एकदा, तिकडून एकदा. किटलीत काही खोट नव्हती.

संध्याकाळी पार्थेनानं हारिक्लियाला चहाला बोलावलं. होऊनच जाऊ दे साक्षीदारासमोर, असं तिनं ठरवलं होतं. टेबलावर बाउरसाक म्हणजे तळलेल्या पिठाचे गोळे, लोणी, जर्दाळूचा मुरंबा, सगळं मांडलं. नवी किटली मात्र तिनं लांब खिडकीत ठेवली, आणि सिमेलाची मोठी किटली गळ्यापर्यंत भरून, गॅसवर उकळून, दोन्ही हातांनी आणून सुनेसमोर आदळली.

"आज हिच्यातूनच दे. निरोप घ्यायचा तर नीट घ्यावा."

"कुणाचा निरोप, अपा?"

"ते तूच सांग."

मर्झान किटलीकडे बघत राहिली. हारिक्लिया समोर बसली होती, पाहुणी होती, डावा हात पुढे करण्याची सोय नव्हती. मर्झाननं पियाल्यात दूध घातलं, दाट कोरा चहा घातला, आणि वर गरम पाणी ओतायला उजव्या हातानं किटली उचलली. धार सरळ पडली. दोन घोट झाले, अर्धा पियाला झाला, पाऊण झाला, आणि धार थांबेना. पियाला भरून वाहिला, बशी भरली, टेबलावरच्या कापडावर चहाचं तळं पसरत हारिक्लियाच्या मांडीकडे निघालं. हारिक्लिया किंचाळून मागे सरकली. मग मर्झानचं मनगट वाकलं आणि किटली धाडकन टेबलावर आली.

"मी नाही सांगितलं!" अनेल ओरडली. "आई, मी शपथ नाही मोडली!"

मर्झान आपल्या उजव्या हाताकडे पाहत होती. किटलीचा कान सुटला होता, तरी बोटं तशीच आकडून राहिली होती.

"हात दाखव," पार्थेना म्हणाली.

"भाजलं नाही, अपा."

"मी भाजलं का विचारलं नाही. दाखव."

अंगठ्याखालचा मांसल भाग बसला होता. पार्थेनानं बोटांची टोकं एकेक करून दाबली. मर्झानला त्यातली तीन कळलीच नाहीत.

"मनगटात नस दबलीय," मर्झान म्हणाली. "हिवाळ्यापासून. बोटं बधिर पडतात. किती ओतलं ते कळत नाही, आणि थांबवायला जाते तोवर भरलेला असतो. आठवड्यातून दोनदा शेकायला जाते दवाखान्यात. अनेल बाहेर बसून कंटाळायची, म्हणून तिला ते पुस्तक आणून दिलं. आता डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करू या. बहुतेक सुधारेल म्हणतात. बहुतेक."

"आणि कोस्त्याला ठाऊक आहे. पोरीला ठाऊक आहे. मला तेवढं कुणी सांगायचं नाही!"

"तुम्ही मला या हातावर घरात घेतलंत, अपा," मर्झान म्हणाली. "दुसरं काय होतं माझं तुमच्या पसंतीला उतरलेलं?"

हारिक्लिया घाईघाईनं टेबलावरचा चहा पुसायला लागली.

पार्थेनाला लाज वाटली. साधीसुधी नाही, कानापर्यंत चढणारी. जन्मभर लोखंडाला कान लावून चिरा शोधल्या, आणि घरातल्या पोरीचं दुखणं आपल्याला अपमान म्हणून ऐकू आलं. पण ती पार्थेना होती. तिला माफी मागता येत नव्हती, तिच्या घराण्यात कुणाला येत नव्हती.

"ऊठ तिथून," ती म्हणाली.

मर्झानचा चेहरा पडला. ती उठली. इतकी वर्षं जी जागा तिची होती तिथे आता पार्थेना बसली, आणि मर्झानला तिनं बोट दाखवून आपल्या जागी, उशीला टेकून, हारिक्लियाशेजारी बसवलं. अनेलला खिडकीतली छोटी किटली आणायला सांगितली. तिच्यात पाणी भरलं, बटण दाबलं आणि तिच्याकडे डोळे वटारून बघत बसली. पाणी खदखदलं. बटण खट्‌कन पडलं.

"वाकली वाटतं पट्टी," ती पुटपुटली.

मग तिनं पियाला घेतला. दूध, कोरा चहा आणि वर पाणी, एवढंसं, पियाल्याचा तळ जेमतेम झाकेल एवढं. उजव्या हातानं तो सुनेपुढे केला आणि डावा हात मनगटाखाली धरला, मोठ्या पाहुण्याला देताना धरतात तसा.

मर्झानला तो पटकन घेता येईना. तिनं दोन्ही हातांनी घेतला, घोट घेतला, आणि तिचे डोळे भरून आले. रिकामा पियाला परत आला. पार्थेनानं पुन्हा तळ झाकला. पुन्हा आला, पुन्हा झाकला. छोट्या किटलीचा जीव तो केवढा, बघता बघता ती संपली.

"पुस्तकात एक सुरई आहे," अनेल म्हणाली. "दोन म्हातारी माणसं पाहुण्यांना त्यातून वाढतात, आणि ती रिकामीच होत नाही."

"ही पुस्तकातली नाही, इल्हामच्या दुकानातली आहे. जा, पाणी भरून आण."

अनेलनं भरून आणली. पुन्हा बटण, पुन्हा खदखद, पुन्हा खट्. पुन्हा दोन घोट. हारिक्लियाचा धीर सुटला.

"अगं, या वेगानं एकेक पियाला द्यायला लागलीस तर सकाळ होईल!"

"मग बस सकाळपर्यंत," पार्थेना म्हणाली आणि सुनेचा पियाला पुन्हा हातात घेतला. "कुणाला कुठे जायचंय?"